जबड्यांतलं सोनं

दारावर बंदुकीचा दस्ता आदळला तेव्हा उस्तो शोदमोन चहात नान बुडवत होता. दुसऱ्या दणक्याला कडी निखळली, तिसऱ्याला दार आत आलं. दोघं होते. एकाने त्याच्या कमरेत लाथ घातली, दुसऱ्याने उरलेला नान उचलून स्वतःच्या तोंडात कोंबला.

"पक्कड, कानस, हातोडी, जे काय लागतं ते घे," नान चावत तो म्हणाला. "आज तुझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागणार आहे."

चिनोरतेप्पात दातांचं काम करणारा शोदमोन एकटाच, म्हणून सगळे त्याला उस्तो, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. गावातलं दातांचं काम म्हणजे काय, तर सोन्याच्या कॅपा. दात किडलेला असो नसो, लग्नाआधी मुलीच्या पुढच्या चार दातांवर सोनं चढलंच पाहिजे, नाहीतर सासरचे विचारणार की बापाचे हात कुठे आखडले. पण दोन वर्षांपूर्वी जे झालं ते वेगळंच होतं. सरकारने एका संध्याकाळी मोठ्या नोटा रद्द केल्या आणि बदलून घ्यायला तीन दिवस दिले. पुढे बचत बँकेतल्या वीस-वीस वर्षांच्या पुंजीत एक बकरीही येईना. तेव्हा लोक शहाणे झाले. ज्याच्याकडे जे होतं ते विकून त्यांनी झारच्या काळातली दहा रुबलची सोन्याची नाणी मिळवली आणि ती घेऊन शोदमोनच्या दारात उभे राहिले. घरात ठेवलं तर चोर नेईल, बँकेत ठेवलं तर सरकार नेईल, तोंडातलं कोण नेणार, असा सगळ्यांचा हिशेब. धडधाकट दात कानशीने घासून तांदळाच्या दाण्याएवढे करून घ्यायला बायका हसत हसत बसायच्या. त्या वेडेपणाला शोदमोनने कधी नावं ठेवली नाहीत. त्याची चूल त्यावरच पेटत होती.

त्याला जीपमध्ये घालून कापसाच्या गोदामावर नेलं. अंगणात तुतीच्या झाडाखाली त्याचीच दवाखान्यातली जुनी खुर्ची आणून ठेवलेली, शेजारी लोहाराची ऐरण. भिंतीलगत सात बायका आणि एक म्हातारा उकिडवे बसले होते. गोदामाच्या लोखंडी दारामागे त्यांची मुलं होती, आठ जण. परवा ब्रेडच्या रांगेतून उचललेली. का उचलली, याला उत्तर नव्हतं. त्या साली कुणालाच कशाचं उत्तर मिळत नव्हतं.

कमांडर अबरोर ऐरणीपाशी स्टुलावर बसला होता. देशात आपसातली लढाई सुरू होण्याआधी तो बाजारात मांस विकायचा, आणि अजूनही समोरच्या माणसाकडे बघताना तो वजनच करतोय असं वाटायचं.

"या उस्तो," तो म्हणाला. "भाव सांगतो, मग घोळ नको. एका पोराला झारची तीन नाणी. नाणी नसतील तर आठ कॅपा. मी दिलेला शब्द मोडत नाही, माल मात्र खरा पाहिजे."

"अबरोर-अको," दादा म्हणावं तशा अदबीने शोदमोन म्हणाला, "या माझ्या गावच्या बायका आहेत."

"माझ्या पण. म्हणून तर भाव बरा लावलाय."

पहिला आला म्हातारा होजीकुल, नातवासाठी. त्याच्या कॅपा वीस वर्षांपूर्वीच्या, शोदमोनच्या हातच्या. सुन्न करायचं औषध उन्हाळ्यातच संपलं होतं. शोदमोनने छिन्नी कॅपच्या कडेला लावली आणि हातोडीचा ठोका दिला. म्हातारा कण्हला. तिसऱ्या कॅपला दातच निघून आला, चौथ्याला हिरडी फाटली, आणि रक्त त्याच्या पांढऱ्या दाढीतून खाली टपकायला लागलं. सहाव्याला म्हाताऱ्याने शोदमोनचा हात धरला. तेव्हा नाझरी नावाच्या पहारेकऱ्याने म्हाताऱ्याच्या मनगटावर बंदुकीची नळी हाणली. हा नाझरी दोन वर्षांपूर्वी शाळेत मुलांना कवायत शिकवायचा. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आठवी कॅप निघाल्यावर अबरोरने एकेक ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकली. खरं सोनं मऊ असतं. कॅप कणकेसारखी पसरत गेली, चपटी झाली, कुठे तडा नाही. अबरोरने मान हलवली, सगळ्या टिकल्या डब्यात टाकल्या आणि होजीकुलचा नातू बाहेर आणवला. आजा नातवाच्या खांद्यावर भार टाकून फाटकातून गेला. बायकांमध्ये जरा जीव आला. माणूस कसाई असला तरी शब्दाचा पक्का आहे, एवढं तरी त्यांना कळलं होतं.

शोदमोन मात्र होजीकुलकडे बघत नव्हता. तो ऐरणीवरची हातोडी बघत होता. भिंतीलगत बसलेल्या बायकांमध्ये सहा जणी अशा होत्या की त्यांच्या कॅपा ऐरणीवर गेल्या तर पसरणार नव्हत्या. त्या पोलादाच्या होत्या.

झालं होतं असं. गर्दीच्या त्या वर्षात उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यातला एक माणूस त्याच्याकडे पिशवी घेऊन आला होता. पिशवीत पोलादाच्या कॅपा, वर असा सोनेरी मुलामा की सोन्यापेक्षा झळझळीत. वर्षानुवर्षं जात नाही म्हणाला, आणि खरंच गेला नाही. शोदमोनने एक बसवून बघितली, कुणाला कळलं नाही. मग दुसरी. नऊ गिऱ्हाइकांची नाणी त्याने ठेवून घेतली आणि त्यांच्या तोंडात पोलाद बसवलं. मोठ्या घरच्यांना, तोलून-मापून घेणाऱ्यांना त्याने हात लावला नाही. जे विश्वासाने डोळे मिटून खुर्चीत बसायचे त्यांनाच फसवलं. दातांचं माप घेताना प्लॅस्टरचा जबडा करावा लागतो, तसे त्या नऊ जणांचे जबडे त्याने पुन्हा ओतले, ज्याची नाणी त्याच्याच जबड्याच्या पोटात घातली, बुडाला नाव लिहिलं आणि फळीवर ओळीने मांडले. कधीतरी परत करू, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. असं सांगून ठेवणारा माणूस कधीच परत करत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"पुढची," अबरोर म्हणाला.

गुलांदोम उठली. तिचा नवरा बोझोरअली ट्रॅक्टर चालवायचा, उन्हाळ्यात पुलावर मारला गेला. आत होता तो तिचा एकुलता एक दावरोन, एकोणीस वर्षांचा. ती खुर्चीत बसली, डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधला आणि शोदमोनकडे बघून चक्क हसली. वरचे आठ दात उन्हात चमकले.

"तुम्हीच बसवलेत उस्तो, तुम्हीच काढा. तेव्हा बोझोरअली म्हणाला होता, बाई, एक दिवस हेच सोनं आपल्याला तारेल. मी म्हणाले होते, तू आधी दाढी कर, मग शहाणपण शिकव." तिने तोंड उघडलं. "हात चालवा. माझं पोर आत उपाशी आहे."

शोदमोनने छिन्नी कॅपच्या कडेला टेकवली. ठोका द्यायचा, कॅप निघणार, ऐरणीवर जाणार आणि पुढच्या क्षणी सगळ्यांना कळणार. त्याने छिन्नी खाली ठेवली.

"ही छिन्नी जाड आहे," तो म्हणाला. "हिचे दात नाजूक, कॅप फाटेल, सोनं वाया जाईल. बारीक छिन्नी घरी राहिली."

सोनं वाया जाईल म्हटल्यावर अबरोरने लगेच नाझरीला खूण केली.

घरात शिरल्याबरोबर नाझरी स्वयंपाकघराकडे वळला आणि भांडी उचकायला लागला. शोदमोन कामाच्या खोलीत गेला. फळीवर नऊ जबडे होते. त्याने गुलांदोमचा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि दगडी पाट्यावर आपटला. तीन नाणी निघाली. प्लॅस्टरची भुकटी फुंकून त्याने ती मुठीत धरली.

मग तो उरलेल्या आठांकडे बघत उभा राहिला. आत सात पोरं होती, हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येकाला तीन, हेही ठाऊक होतं. त्या जबड्यांमध्ये किती आहेत हे तर तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. स्वयंपाकघरातून नाझरीने झाकण पाडल्याचा आवाज आला. शोदमोनला आठवली नदीपलीकडे मेहुणीकडे पाठवलेली बायको आणि दोन मुली. लढाई अजून किती वर्षं चालेल कुणाला ठाऊक. नोटांना कागदाची किंमत नाही. पलीकडे जाऊन घर करायचं तर कशाच्या जिवावर? त्याने एक जबडा उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला. बारीक छिन्नी घेतली आणि जबड्यांवर फडकं ओढून तो बाहेर आला.

"मिळाली?" नाझरीने विचारलं. त्याच्या मिशीला मध लागला होता.

"मिळाली."

अंगणात परत आल्यावर शोदमोनने गुलांदोमला हात लावला नाही. तो सरळ अबरोरपुढे गेला आणि मूठ उघडली.

"ही तीन नाणी. बोझोरअलीने जाण्याआधी माझ्याकडे ठेवायला दिली होती. म्हणाला, पोरावर वेळ आली तर दे. तिचे दात राहू द्या, अको."

नाण्यांवरचा झार अबरोरने अंगठ्याने पुसून बघितला. तळहातावर तिन्ही उडवून झेलली, दाताने एक चावून पाहिलं. गुलांदोम खुर्चीतून उतरली आणि तिने शोदमोनचा हात धरून कपाळाला लावला. त्याला तो सोडवून घेता येईना.

"देव तुमच्या मुलींना शंभर वर्षं देवो," ती म्हणाली. "कोण सांगतं हो आजकाल मेलेल्याची ठेव? गिळून टाकतात लोक."

त्याने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दावरोनला बाहेर आणलं. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, पण चालत होता. अबरोरने त्याला आईकडे ढकललं. मग तो शोदमोनकडे वळला.

"आता मला सांग उस्तो. एकाने ठेवली म्हणजे दहांनी ठेवली असणार. आणखी कुणाची आहेत?"

"कुणाची नाहीत."

अबरोरने नाझरीकडे बघितलं. दोघांनी शोदमोनचा डावा हात धरून ऐरणीवर सपाट दाबला. पहिला घाव करंगळीवर बसला. शोदमोन गुडघ्यांवर आला.

"कुणाची?"

"नाहीत."

दुसरा घाव शेजारच्या बोटावर. नख उडून मातीत पडलं. शोदमोनच्या तोंडातून निघालेला आवाज माणसाचा वाटत नव्हता, काही बायकांनी कान झाकले. तो ओकला, पोटात होता तेवढा सकाळचा चहा बाहेर आला.

"कुणाची?"

"आईची शपथ. एवढीच होती."

तिसरं बोट. तरीही तो बोलला नाही. ज्या माणसाला आयुष्यात कुणी भांडताना पाहिलं नव्हतं, त्याने तीन बोटं ठेचून घेतली आणि तोंड उघडलं नाही. गुलांदोमला ते बघून रडू फुटलं. पाहणाऱ्या सगळ्यांना वाटलं, केवढा सच्चा माणूस. अबरोरलाही पटलं.

"सोडा," तो म्हणाला. "असतं तर एवढ्यात नावं ओकला असता."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. गुलांदोमने मुलाला घेऊन घरी जायला हवं होतं. फाटक उघडं होतं, आणि शोदमोन मातीत बसल्या बसल्या मनात तिला जा, जा असं सांगत होता. पण ती फाटकापाशी थांबली. भिंतीलगत शेवटी एक बाई बसली होती, बिबिसोरो. शाळेत झाडू मारायची. तिच्या तोंडात सोनंच काय, धड दातही नव्हते. तिचा इस्कंदर आणि दावरोन जिवलग मित्र. त्या सकाळी दावरोननेच त्याला झोपेतून उठवून ब्रेडच्या रांगेत नेलं होतं. बिबिसोरो काही मागायला आली नव्हती. मागायला काहीतरी द्यावं लागतं. ती नुसती बसली होती.

गुलांदोम परत आली आणि खुर्चीत बसली.

"माझ्या पोराचे पैसे नवऱ्याने भरले," ती अबरोरला म्हणाली. "माझे दात शिल्लकच आहेत. हे घ्या आणि इस्कंदरला सोडा."

"आपा," शोदमोन म्हणाला. "आपा, नको. घरी जा. पोराला घेऊन जा."

"आणि रोज सकाळी बिबिसोरोच्या दारावरून कसं जाऊ? उडत?"

"तुम्हाला सोसायचं नाही."

"तीन बोटं तुमची गेली, मी रडू का आठ दातांना? गप्प बसा उस्तो." ती अबरोरकडे वळली. "बोला, आठ कॅपा, एक पोर."

"आठ कॅपा, एक पोर," अबरोर म्हणाला. या व्यवहाराने तो खूश झाला होता. त्याने इस्कंदरला बाहेर काढून ऐरणीपाशी उभं करायला सांगितलं. बिबिसोरो उठून उभी राहिली, तोंडावर रुमालाचं टोक धरून.

शोदमोनने ठेचलेला हात वर करून दाखवला. त्याला वाटलं, हात नाही तर काम नाही, निदान आजचा दिवस टळेल. नाझरी पुढे झाला.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला आणि पक्कड उचलली.

त्याला कॅप काढायची माहिती नव्हती, दात उपटायचं बळ होतं. त्याने गुडघा गुलांदोमच्या छातीवर रोवला, पक्कड लावली आणि पिळली. पहिला दात मुळासकट आला. दावरोन किंचाळत धावला, त्याला दोघांनी मातीत दाबून धरलं. दुसरा दात मधेच तुटला. तिसऱ्याला जबड्याच्या हाडाचा कपचा सोबत आला. गुलांदोमच्या टाचा खुर्चीच्या पायपट्टीवर आपटत होत्या, रक्त तिच्या गळ्यात जात होतं आणि ती ते गिळत होती, पण हात तिने खुर्चीवरून सोडले नाहीत. चौथा काढल्यावर नाझरी दमला.

"बघू तरी," अबरोर म्हणाला. त्याने एक दात ऐरणीवर ठेवला, कॅप मोकळी केली आणि हातोडी हाणली.

कॅप पसरली नाही. टणकन उडाली आणि त्याच्या बुटापाशी पडली. त्याने उचलून पाहिली. सोनेरी पापुद्रा सुटला होता आणि खालून पांढरं पोलाद दिसत होतं. त्याने दुसरी ठोकली. तिसरी. मग त्याने हातोडी खाली ठेवली.

"माझ्या अंगणात येऊन," तो हळू आवाजात म्हणाला, "मला पोलाद विकतेस?"

त्याने गुलांदोमला केसांना धरून खुर्चीवरून खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर लाथ घातली. मग दावरोनची मान पकडून त्याला गुडघ्यांवर आणलं आणि पिस्तूल कानामागे टेकवलं.

"शब्दाला शब्द होता. मी पाळला. तू फसवलंस. आता याचाही सौदा मोडला."

गुलांदोमला नीट बोलता येत नव्हतं. ती मातीत हातांवर रांगत शोदमोनकडे वळली. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, पण शब्द कळत होते.

"उस्तो, सांगा यांना. तुम्ही बसवलेत. सांगा, खरं सोनं आहे. बोझोरअलीने मोजून दिलं होतं तुमच्याकडे. तुमचं ऐकतील ते."

अंगणातले सगळे शोदमोनकडे बघत होते. गावात आता त्याच्याइतका विश्वासाचा माणूस नव्हता. अबरोरसुद्धा थांबला होता. दावरोन मात्र खाली मातीकडे बघत होता आणि त्याच्या पॅन्टचा पुढचा भाग ओला झाला होता.

"पोलाद आहे," शोदमोन म्हणाला. "मी बसवलं. तिला माहीत नाही. ती तीन नाणी ठेव नव्हती, तिच्या दातांचं सोनं होतं. मी चोरलं होतं."

मग भिंतीलगतच्या एका बाईने हळूच बोट तोंडात घातलं आणि आपल्या कॅपा चाचपल्या. शेजारचीनेही तेच केलं.

"अजून कुणाचं?" अबरोरने विचारलं.

"आणखी आठ जणांचं. घरी आहे. फळीवर, जबड्यांमध्ये."

अबरोरची जीभ गालाआड फिरली. त्याच्याही तोंडात शोदमोनच्या हातच्या चार कॅपा होत्या.

"आणि माझ्या?"

"तुमच्या खऱ्या. तुम्ही तराजू घेऊन समोर बसला होता."

यावर अबरोर हसला, मनापासून हसला. पिस्तूल त्याने दावरोनच्या कानामागून काढलं आणि त्याला लाथेने आईकडे लोटलं. "याचा सौदा खरा. जा."

नाझरी जीप घेऊन गेला आणि पोतं भरून जबडे घेऊन आला. त्यांनी ते एकेक ऐरणीवर ठेवून फोडले. बायकांनी आपापल्या तोंडाचे आकार ओळखले. पुढे आलेले सुळे, वाकडी दाढ, बुडाला आपलं नाव. हातोडी पडली की प्लॅस्टर उडायचं आणि नाणी खणखणत खाली यायची. शेवटी सगळी गोळा करून डब्यात भरली तेव्हा डबा उचलायला जड झाला होता.

"आमचीच आहेत ती," एक बाई म्हणाली. "आमची पोरं सोडा आता. झालं ना तुमचं."

"तुमची? कुणाचं नाव आहे यावर?" अबरोरने पायाने पांढरी भुकटी पसरली. "मी खंडणी आणा म्हटलं होतं. ही खंडणी नाही. हा चोरीचा माल, मी पकडला. खंडणीचा भाव तोच आहे. आणा, आणि पोर घेऊन जा."

बायकांकडे आता पोलादाशिवाय काही नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

मग त्याला ऐरणीपाशी उभा केलेला इस्कंदर दिसला. त्याला विसरूनच गेले होते सगळे. विशीतला सडपातळ पोरगा, पायात एकच बूट.

"याच्यासाठी पोलाद आलं," अबरोर म्हणाला. "पोलादाला सोडलं तर उद्या सगळं गाव पोलादच घेऊन येईल."

त्याने जागेवरूनच दोन गोळ्या झाडल्या. पहिली पोटात लागली. इस्कंदर ऐरणीला धरून खाली बसला, जणू दम लागला म्हणून बसतोय. दुसरी गळ्यात. तुतीच्या झाडावरचे साळुंक्यांचे थवे उडाले आणि गोदामाच्या आतून पोरं दारावर मुठी आपटायला लागली. इस्कंदरचा बूट नसलेला पाय बराच वेळ मातीत घासत राहिला, मग थांबला.

बायका किंचाळत होत्या, त्यांना हवेत गोळ्या झाडून मागे रेटलं. शोदमोन उठून अबरोरपुढे उभा राहिला.

"मला मारा," तो म्हणाला. "अबरोर-अको, मला मारा. सगळं मी केलंय."

"तुला? तुझा उजवा हात शाबूत आहे." अबरोर डब्याचं झाकण दाबून बसवत होता. "वरच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी तुझ्या बापाकडून दात बसवून घेतलेत. ते खरे असतील. उद्या सकाळी तयार राहा."

ते डबा घेऊन आत गेले. अंगणात गुलांदोम मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिने एकदा शोदमोनकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याला वाटलं, ती थुंकेल, शिव्या देईल. तिने यातलं काही केलं नाही, आणि ते त्याला बोटांपेक्षा जास्त लागलं.

बिबिसोरो इस्कंदरपाशी बसली होती. तिने त्याचे डोळे मिटले होते, स्वतःच्या रुमालाने त्याचा गळा बांधला होता, रक्त थांबवायचं असल्यासारखा. शोदमोन तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तीच बोलली.

"किती लागत होती?" तिने विचारलं. "माझ्या पोराला."

"तीन."

"सकाळी तुम्ही घरी गेलात तेव्हा किती होती?"

शोदमोन फुटलेल्या जबड्यांच्या भुकटीकडे बघत राहिला.

"मला मोजता येत नाही उस्तो. सगळ्या पोरांना पुरली असती?"

"पुरून उरली असती," तो म्हणाला.

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग तीनच का आणलीत?"

शोदमोनने ठेचलेला हात छातीशी धरला. खोटं बोलायला आता काही शिल्लक नव्हतं.

"दिवस वाईट आहेत," तो म्हणाला. "पुढे काय वेळ येईल सांगता येत नाही, म्हणून ठेवली."